ओजूचं जुळं

ओजूच्या बाकावरचा दिवा पुन्हा लाल झाला, तेव्हा तिची आई केतकी चौगुले सांगलीतल्या एका कोल्ड स्टोरेजच्या चार नंबरच्या खोलीत दोन स्वेटर घालून उभी होती. एका हातात बेदाण्याचं खोकं, दुसऱ्या हातात टॅब आणि डावा खांदा उचलून कानाशी दाबून धरलेला फोन. कानात घालायच्या बटणांचे जोडच्या जोड हरवून झाल्यावर तिनं तो नाद सोडला होता. सगळं जग हात मोकळे ठेवून बोलायचं आणि ही एकटी जुन्या काळातल्यासारखी मान वाकडी करून बोलायची.

"मिसेस चौगुले, ओजस्वीचा दिवा सकाळपासून लालच आहे," पलीकडून वर्गशिक्षिका म्हणाल्या.

"मग दिवा बदला की!"

केतकीनं जीभ चावली. हे दिवे मागच्या वर्षी सगळ्या बाकांवर आले होते. बाकात बसवलेला कॅमेरा मुलांच्या बुबुळांवरून लक्ष कुठं आहे ते ताडायचा. फळ्याकडे असलं की हिरवा, भरकटलं की पिवळा, पार हरवलं की लाल. असला दिवा डोक्यावर लावला तर शाळेच्या संचालक मंडळाच्या बैठकीत काय उजेड पडेल, असं केतकीच्या अगदी ओठांवर यायचं.

"म्हणजे, काय केलं तिनं?"

"गणिताच्या तासाला उठून पालीची गोष्ट सांगायला लागली. मी खाली बसवलं. मग बाकाखाली गेली आणि तिथून सांगायला लागली."

"पालीची नाही. पालीच्या शेपटाची."

"काय?"

"काही नाही. बोला."

"आम्ही मागंही म्हटलं होतं. जुळं करून घ्या. हल्ली सगळेच पालक करतात. नाहीतर आम्हाला पुढच्या वर्षीचा विचार करावा लागेल."

पुढच्या वर्षीचा विचार म्हणजे काय, हे न कळण्याइतकी केतकी दुधखुळी नव्हती. तिनं फोन ठेवला, तासगावच्या एका व्यापाऱ्याला उलटा फोन लावला, त्याचा माल कुठल्या रांगेत आहे ते न बघता सांगितलं, तेवढ्यात दोन हमालांचं भांडण सोडवलं आणि बेदाण्याचं खोकं चुकीच्या खोलीत ठेवून बाहेर आली. सौद्याच्या दिवशी एका वेळी पाच जणांशी बोलणारी बाई म्हणून तिचा लौकिक होता. स्वतःचा डबा गाडीच्या टपावर विसरून गाडी सुरू करणारी बाई म्हणूनही होता, पण त्याला सगळे हसून सोडून देत.

ओजूला कुणी हसून सोडून देत नव्हतं. नऊ वर्षांची पोरगी. एक बूट पायात घालून दुसरा शोधायला गेली की गच्चीवर सापडायची आणि तिथं काय करतेस म्हटलं तर तिलाच आश्चर्य वाटायचं. न्हाणीघरातल्या पालीचं शेपूट तुटून वळवळताना तिनं पाहिलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली होती. ते शेपूट एकटंच एसटीनं बेळगावला निघतं. गोष्ट रोज नव्यानं सुरू व्हायची आणि शेपूट एसटीत चढून कंडक्टर समोर आला, की कुणीतरी म्हणायचं, "ओजू, आधी दूध संपव."

मिरजेच्या डॉक्टर शबाना मुजावरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, की ही एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवण्यातली अडचण; हट्ट नव्हे, लाड नव्हेत आणि कुणाच्या संस्कारांचा दोषही नव्हे. औषध आहे. सुरू करायचं का, एवढं ठरवा.

एवढंच तर ठरत नव्हतं! केतकीचा नवरा विक्रांत पंपांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याला आलेखाशिवाय काही पटत नसे. तो म्हणायचा, "देऊन बघू." सासूबाईंना घरात सगळे माई म्हणत. त्या म्हणायच्या, "पोरगी गुंगीत राहील. टाळूला तेल घाला." शेजारच्या बाई म्हणायच्या, भिंतीवरचे स्क्रीन बंद करा. शाळा म्हणायची, काहीही करा पण करा. आणि केतकी यातलं काहीच म्हणत नव्हती. तिला एकाच गोष्टीची भीती वाटायची आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. गोळी घेऊन ओजू गप्प बसेल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि ते शेपूट कायमचं स्टँडवर उभं राहील.

शाळेच्या फोननंतर मात्र विक्रांतनं दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली.

डॉक्टर मुजावर पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या बाई होत्या. समजावून सांगताना त्या टेबलावरच्या वस्तू सरकवत बसायच्या.

"हे बघा. आत्ता या खोलीत पंखा वाजतोय, बाहेर हॉर्न, पायात मोजा टोचतोय, खिडकीत कावळा आहे आणि मी बोलतेय. यातलं माझं बोलणं धरायचं आणि बाकीचं सोडायचं, हे काम कपाळामागचा मेंदू करतो. त्याला डोपामीन आणि नॉरअॅड्रेनलीन अशी दोन रसायनं लागतात. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी. ओजूसारख्या मुलांत ती पुरेशी टिकत नाहीत असं दिसतं. निरोप पोचायच्या आत परत शोषली जातात. गोळी ते शोषणं जरा मंद करते. उत्तेजक म्हणतात तिला, म्हणून लोक घाबरतात. पण उत्तेजन मिळतं ते आवर घालणाऱ्या भागाला."

"मग अडलंय कुठं?" विक्रांत म्हणाला.

"सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, तिथं अडलंय. कुणाला एक औषध मानवतं, कुणाला दुसरं. कुणाची भूक जाते, कुणाची झोप. पूर्वी आम्ही अगदी थोड्या मात्रेनं सुरू करायचो आणि आईबापांना सांगायचो, पोराकडे बघत राहा."

"आणि आता?" केतकीनं विचारलं.

"आता बघायला वेळ कुणाला आहे? म्हणून जुळं आलं."

जुळं म्हणजे मुलाच्या मेंदूचं गणितातलं रूप. महिनाभर मुलानं एक हेअरबँड घालायचा. त्यातले सेन्सर मेंदूच्या लहरी, नाडी आणि डोक्याची बारीकसारीक हालचाल टिपणार. त्यावरून यंत्र त्या मुलाचं प्रतिरूप उभं करणार, त्याला मुलाचा चेहरा देणार आणि औषध आधी त्या प्रतिरूपाला देऊन बघणार. हाडामासाच्या मुलाला आधी काही द्यायला नको. वाढता मेंदू असल्यामुळे जुळं वर्षातून एकदाच करता येई. फोनवर एक पट्टी दिसायची. जेवढे तास हेअरबँड डोक्यावर, तेवढी ती हिरवी होत जायची.

ती पट्टी विक्रांतनं "चौगुले परिवार" ग्रुपवर टाकायला सुरुवात केली आणि केतकीच्या डोक्याला नवा ताप झाला. पट्टी जरा लाल दिसली, की जयसिंगपूरच्या मावशींपासून दुबईच्या दिरापर्यंत सगळे विचारायचे, "काय गं, आज घातला नाही का?" जसं काही केतकीनं मुद्दाम लपवून ठेवला होता. आणि ओजू? ओजू तो हेअरबँड एका जागी टिकू देईल तर शपथ. तो फ्रीजमध्ये सापडला. कुंडीत सापडला. एकदा न्हाणीघरातल्या पालीसाठी झोपाळा म्हणून टांगलेला सापडला.

शाळेच्या फाटकाशी रोज तोच तमाशा.

"टोचतंय."

"राहू दे गं राणी, तेवढं शाळा सुटेपर्यंत."

"सगळे हसतात मला. तूच घाल की!" असं म्हणून ओजूनं तो गाडीच्या सीटवर फेकला आणि पळाली.

आता केतकीनं पुढं जे केलं ते समजायला तिच्या कोल्ड स्टोरेजची एक रीत सांगायला हवी. तिथं दर खोलीत तापमापक असतो आणि तो सतत आकडे पाठवत राहतो. एखाद्या खोलीत त्याची वायर तुटून रकाना रिकामा राहिला, की विमावाल्यांपासून मालकापर्यंत सगळ्यांचे फोन सुरू होतात. म्हणून दुरुस्तीवाला येईपर्यंत तो तापमापक काढून सरळ शेजारच्या खोलीत लटकवायचा. बेदाणा तोच, गारवा तोच, रकाना भरलेला, सगळे गप्प. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचा बेदाणा त्यानं खराब झाला नव्हता.

केतकीनं तेच केलं. हेअरबँड शेजारच्या डोक्यावर लटकवला. तो फक्त ओजूच्या अंगठ्याच्या ठशानं सुरू व्हायचा, पण सकाळी घरातून निघताना तो सुरू झालेलाच असायचा. दिवसभर तो घालून ती सौदे करत हिंडली. पट्टी हिरवीगार झाली. ग्रुपवर टाळ्या पडल्या. पहिल्या दिवशी तिला जरा चुटपुट लागली, दुसऱ्या दिवशी लागली नाही आणि मग तिला ते आठवतही नव्हतं, कारण आठवण्यासारख्या गोष्टी तिच्या डोक्यात आधीच खचाखच भरल्या होत्या.

जुळं तयार झालं. डॉक्टरांच्या खोलीतली भिंत उजळली आणि ओजू समोर आली. तेच विस्कटलेले केस, तीच खोक पडलेली भुवई. समोर वही होती. पाय हलत होते, नजर भिरभिरत होती, पेन्सिल खाली पडत होती.

"हे औषधाविना," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची कळ फिरवली. "आणि हे औषधासह."

भिंतीवरची ओजू सावकाश स्थिर झाली. पाय थांबले. तिनं गणित वाचलं, सोडवलं, पुढचं घेतलं. चेहऱ्यावर गुंगी नव्हती, मरगळ नव्हती. उलट कुणीतरी खांद्यावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखी ती दिसत होती. विक्रांतनं केतकीचा हात घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"खरं सांगू? इतका स्वच्छ परिणाम मी फार कमी वेळा बघितलाय," डॉक्टर म्हणाल्या. "विशेषतः दिवसाच्या मापांत. हा मेंदू वर्षानुवर्षं बाजारात उभा राहून ओरडून बोलत असल्यासारखा आहे. दमलाय हो अगदी."

केतकी भिंतीच्या जवळ सरकली.

आणि मग तिला ते दिसलं. भिंतीवरची ओजू मान डावीकडे कलती ठेवून लिहीत होती. नुसती कलती नाही, डावा खांदा वर उचलून त्याच्याशी कान टेकवल्यासारखी. मधूनच मान जराशी दाबायची, काहीतरी निसटू नये म्हणून.

तिथं एक फोन होता. दिसत नव्हता, एवढंच.

"मान किती गोड वाकडी करून लिहितेय बघ," विक्रांत म्हणाला. "आपण कधी लक्षच दिलं नाही."

खरं सांगायला हवं होतं, हे केतकीला तेव्हाही कळत होतं. पण विक्रांतचे डोळे ओले होते, डॉक्टर खुशीत होत्या, शाळेत अहवाल पाठवायचा होता आणि एवढी हिरवी पट्टी लाल कोण करणार? उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली. तो उद्या पुढं पुढं सरकत राहिला. गोळ्यांची चिठ्ठी फ्रीजवर चुंबकाखाली होती. केतकी रोज काहीतरी कारण काढून त्या आणायच्या टाळत होती आणि विक्रांतचं डोकं फिरत होतं.

"आता कसली अडचण आहे? डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग?"

"मग काही नाही. आणते."

रविवारी माईंच्या बहिणी जयसिंगपूरहून आल्या. विक्रांतनं जुळं घरच्या भिंतीवर लावलं. माई आता टाळूच्या तेलाचं नाव काढत नव्हत्या. गोळीसह, गोळीविना अशी कळ त्यांनी स्वतःच शिकून घेतली होती आणि त्या गोळीसहच्या पुढं जातच नव्हत्या.

"बघ की गं, कशी शहाण्यासारखी बसलीय," त्या बहिणींना सांगत होत्या. "नजर लागेल बाई. वहीसुद्धा नीट मिटून ठेवते. आमची ओजू ती हीच."

बहिणींनी कौतुकानं माना डोलावल्या. केतकी चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा तिला दारात ओजू दिसली. एका पायात मोजा, हातात अर्धं केळं. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. ती एकदम निश्चल उभी होती आणि ओजूला असं निश्चल केतकीनं कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या ओजूनं एक पान उलटलं.

"ही चांगली आहे," ओजू म्हणाली. तिच्या आवाजात रागरुसवा काही नव्हता. बाजारात दोन भेंड्यांतली कोवळी निवडून द्यावी, तसं ती म्हणाली. "हिलाच ठेवा."

माई हसल्या. "अगं वेडे, ती तूच आहेस!"

"नाही. मला एवढं येत नाही."

ट्रे खाली ठेवायचं केतकीच्या लक्षात राहिलं नाही. तो तिरका झाला, चहा बशीत सांडला, तिथून कार्पेटवर. कुणीतरी "अगं अगं" म्हणालं. महिनाभराचा सगळा संताप तिच्या तोंडाशी आला. दिव्याचा, पट्टीचा, ग्रुपवरच्या टाळ्यांचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"ती ओजू नाहीये!" ती ओरडली. "बंद करा ते. ती ओजू नाही, ती मी आहे!"

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

"मान बघा तिची. मी अशी फोन धरते का नाही? बघा! हेअरबँड मी घालून फिरत होते. कामावर. रोज. ही घालत नव्हती, तुमची पट्टी लाल व्हायची आणि दुबईहून फोन यायचे. मी शेजारच्या खोलीत लटकवला. कामावर आम्ही तापमापक लटकवतो तसा."

"महिनाभर?" विक्रांतच्या तोंडून कसंबसं निघालं. "आणि मी ग्रुपवर टाकत होतो!"

"टाका अजून!"

ओजू पुढं आली. तिनं भिंतीकडे बघितलं, मग आईकडे, परत भिंतीकडे. भिंतीवरची मुलगी खांदा उचलून अदृश्य फोन सावरत होती. ओजूनं स्वतःची मान तशी वाकडी करून बघितली आणि खुदकन हसली.

"आई, तू गोळी खाल्लीस की किती शहाणी होतेस!"

केतकीनं त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोनवर तापमापकासकट सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर मुजावर हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे नेला, परत आणला.

"यंत्रानं इशारा दिला होता," त्या म्हणाल्या. "मापं मुलाच्या वयाची वाटत नाहीत म्हणून. आमच्या टेक्निशियननं तो बाजूला सारला. अशा मुलांची मापं उडतातच, असं म्हणून. आणि मीही सही केली. म्हणजे तुम्ही रकाना भरलात, त्यानं भरला आणि मी त्यावर शिक्का मारला. ज्या मुलीसाठी हे सगळं केलं ती कुठंच नाही."

"माझी चूक आहे," केतकी म्हणाली.

"आहेच. पण आता बसा. तुमच्याशी बोलायचंय." त्यांनी पडदा केतकीकडे वळवला. "मी रात्री दोघींची मापं वेगळी केली. ओजूचे तास थोडे आहेत. त्यात एडीएचडी दिसते, पण औषधाचं काय होईल हे सांगण्याइतकं काही हाती नाही. दिवसाची मापं मात्र भरपूर आहेत. मी त्या दिवशी म्हटलं होतं ना, दमलेला मेंदू म्हणून?"

केतकीनं मान हलवली.

"तो तुमचा. हे निदान नव्हे, त्यासाठी रीतसर तपासणी करावी लागेल. पण लहानपणी शाळेत काय म्हणायचे तुम्हाला?"

"हुशार आहे, पण लक्ष नाही," केतकी म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. असं रडायचं तिनं ठरवलं नव्हतं. छत्तीस वर्षं वेंधळी, धांदरट, घाईगर्दीची म्हणून हसत हसत ऐकलेलं सगळं एकदम वर आलं. शेजारी बसलेला विक्रांत खालच्या आवाजात म्हणाला, "मी पण म्हणतो तसं. रोज म्हणतो."

"मग आता ओजूचं काय?" डोळे पुसून तिनं विचारलं.

"नवं जुळं वर्षभर होणार नाही. तोवर एकच रस्ता आहे, जुना. अगदी थोडी मात्रा. मी वजन, भूक, नाडी बघेन. आणि तुम्ही पोराकडे बघत राहा. डोळ्यांनी."

तपासण्या झाल्या, रक्तदाब बघून झाला आणि डॉक्टरांनी केतकीला गोळी सुरू केली. पहिल्या सकाळी ती गाडीत बसली, किल्ली जागेवरच होती, डबा मांडीवर होता आणि आत सगळं शांत होतं. कंटाळवाणं नव्हतं, रिकामं नव्हतं. इतकी वर्षं शेजारी चालू असलेली पिठाची गिरणी कुणीतरी बंद केली होती आणि गिरणी होती हे तिला आजच कळत होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती स्टिअरिंगवर हात आपटून आपटून चिडली. एवढंच होतं? एवढ्यासाठी मी सगळ्यांची बोलणी खाल्ली?

सगळं गोडच होतं असंही नाही. तोंड कोरडं पडायचं. दुपारचा डबा तसाच परत यायचा. संध्याकाळी गोळीचा जोर ओसरला, की ती जास्तच करवादायची. आणि सौद्यात तिला एका वेळी पाच जणांशी बोलावंसं वाटेना. ती एकाशी बोलायची, ते संपवायची, मग दुसऱ्याशी. तासगावचा व्यापारी म्हणाला, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

हे सगळं तिनं ओजूला जसंच्या तसं सांगितलं. रविवारची सकाळ होती. दोघी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसल्या होत्या. मध्ये ओजूची गोळी एका वाटीत ठेवलेली होती. विक्रांत माईंना घेऊन मुद्दाम बाहेर गेला होता, कारण प्रेक्षक नकोत असं केतकीनं बजावलं होतं.

"मी घेतली की मी तसली होईन?" ओजूनं विचारलं.

"तसली म्हणजे?"

"भिंतीवरची."

"भिंतीवरची मी होते ना? मग मी झाले का तसली?"

ओजूनं तिला नीट न्याहाळलं. "नाही. तू अजून ओरडतेस." मग थोडा विचार करून म्हणाली, "पण आता एकाच गोष्टीवरून ओरडतेस."

"बरं."

"आणि मला नाही आवडली तर?"

"तर मला सांगायचं. मी डॉक्टरांना सांगेन आणि बंद करू."

"आणि शाळेला आवडली आणि मला नाही आवडली तर?"

"तरी बंद."

"दिवा लाल झाला तर?"

"दिवा गेला खड्ड्यात."

ओजू खूश झाली. वाटीतली गोळी तिनं बोटानं गोल फिरवली आणि मग, गोळीशी काही संबंध नसल्यासारखी, सुरू झाली. "ते शेपूट असतं ना, ते मिरज स्टँडवर एसटीत चढतं. खिडकीची जागा मिळते. मग कंडक्टर येतो..."

इथं नेहमी कुणीतरी काहीतरी म्हणायचं. केतकीचा फोन टेबलावर थरथरला. तिनं तो पालथा घातला.

"...कंडक्टर म्हणतो, तू एकटंच? तुझी पाल कुठाय? तर शेपूट म्हणतं, ती घरी आहे. तिनं दुसरं शेपूट उगवून घेतलं. मी फार वळवळायचं ना, म्हणून. नवीन शेपूट गप्प बसतं. माईला पण ते आवडतं. मग कंडक्टर बघतच राहतो."

ओजू थांबली. इतके महिने ही पोरगी हे सांगायला बघत होती. वर्गाला, बाकाखालून, दुधाच्या पेल्यावरून. आणि प्रत्येकानं तिला कंडक्टरपाशी उतरवलं होतं, केतकीनं स्वतः सगळ्यांत जास्त वेळा.

"मग?" तिनं विचारलं. "कंडक्टर काय म्हणाला?"

ओजूनं खांदे उडवले. "माहीत नाही."

"म्हणजे?"

"पुढचं मी ठरवलंच नाहीये," ओजू म्हणाली. "इथपर्यंत कुणी ऐकतच नाही ना."

मग तिनं वाटी उचलली, गोळी तोंडात टाकली, वर दूध प्यायली, नेहमीसारखं अर्धं, आणि बाहेरच्या खोलीत पळाली.

केतकी पोहे भिजवायला उठली. थोड्या वेळानं घरात ज्या उड्या ऐकू यायच्या त्या थांबल्या. मग बडबड थांबली. खुर्ची ओढल्याचा आवाज नाही, काही पडल्याचा आवाज नाही. वर्षभर जिची भीती वाटत होती तीच ही शांतता, असं तिच्या मनात आलं. तिनं कांदा चिरला, फोडणी टाकली, हळद दोनदा घातली. शेवटी राहवेना, तेव्हा ती दाराशी गेली.

ओजू फरशीवर बसली होती. पाय पोटाशी घेतलेले. खिडकीबाहेर बघत होती आणि हलत नव्हती.

"ओजू?" केतकीनं दारातूनच हाक मारली. "काय झालं गं?"

ओजूनं मान वळवली. तिचे डोळे तेच होते, आत काहीतरी शिजत असलेले.

"कंडक्टरचं ठरलं," ती म्हणाली. "पण मोठं आहे. तुला वेळ आहे का?"

केतकीनं आत जाऊन गॅस बंद केला, फोन तिथंच ओट्यावर ठेवला आणि येऊन तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली.